शंभूराजांच्या मालिकेचा शेवट नेमका कुठे? अंदाज आणि तो बांधायची रीत

मालिका फोंड्याच्या वेढ्यापर्यंत आली आहे, म्हणजे १६८३ चा नोव्हेंबर. इथून पुढं काय घडलं ते आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एवढंच, की कॅमेरा कुठल्या दिवशी थांबणार. तुळापूरला? रायगडावर येसूबाईंपाशी? की थेट औरंगजेबाच्या मरणापर्यंत?

नुसतं "मला वाटतं" नको. अंदाज कशावरून बांधलात आणि तो कुठे फसू शकतो, तेही लिहा. गोव्यातल्या मंडळींनी फोंडं आणि जुव्याच्या बेटाबद्दल जरूर लिहावं. मालिका आपल्या अंगणात आली आहे, तिची पारख आपण नाही करायची तर कोणी?

तिथीवाली, म्हापसा

आधी तारखांचा घोळ निस्तरू, कारण निम्मे अंदाज तिथंच चुकतात.

महाराजांच्या मृत्यूची ११ मार्च १६८९ ही ज्युलियन तारीख आहे. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीनं तो दिवस २१ मार्च येतो. तिथी फाल्गुन अमावास्या, शके १६१०, आणि दुसऱ्या दिवशी पाडवा. संगमेश्वरची पकड १ फेब्रुवारीची, माघ वद्य सप्तमी. मधले दिवस ३८.

पोर्तुगीजांनी मात्र ग्रेगोरियन पंचांग १५८२ मध्येच स्वीकारलं होतं. म्हणून गोव्याच्या कागदांतल्या तारखा आणि इंग्रजी वखारींच्या पत्रांतल्या तारखा यांत १० दिवसांची तफावत पडते. जुव्याचा हल्ला २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्रीचा, ही पोर्तुगीज तारीख आहे. पडद्यावर तारखांच्या पाट्या येतात त्या वहीत उतरवून ठेवा. दोन्ही पद्धती एकत्र कालवलेल्या दिसल्या, तर शेवटच्या तारखेवरून वाहिनीचं वेळापत्रक काढण्यात अर्थ नाही.

आता हिशेब उलटा मांडू. आठवड्याला ६ भाग. कैदेचे ३८ दिवस दिवसाला दिवस धरले तर ३२-३३ भाग होतात. संगमेश्वरला ६, वाईच्या लढाईला आणि हंबीररावांच्या मृत्यूला ६, विजापूर-गोवळकोंडा बुडण्याला १२ आणि गोव्याला १८ धरू. बेरीज ७५, म्हणजे साडेबारा आठवडे. फाल्गुन अमावास्येपासून तेवढे मागे गेलात की डिसेंबरचा तिसरा-चौथा आठवडा येतो. गोव्याची मोहीम त्या सुमारास सुरू झाली असेल, तर शेवट तिथीवर बेतला आहे असं समजायला हरकत नाही. त्याआधीच सुरू झाली असेल, तर पुढं रायगड आहे किंवा मध्ये पाणी घालणार आहेत.

हा हिशेब फसतो तो १६८४ ते १६८६ या वर्षांत. त्या काळात प्रेक्षकांच्या तोंडी बसलेला मोठा प्रसंग नाही, म्हणून लेखक तिथं एक तर लीप घेतात, नाही तर सोयराबाईंच्या माणसांचं कारस्थान उकरून महिनाभर चालवतात.

पडद्यामागची, पर्वरी

ताईंचा हिशेब पटला, पण वाहिनीचं गणित वेगळं असतं. मालिका इतिहासाच्या तारखेला संपत नाही, स्लॉट दुसऱ्याला दिला की संपते. म्हणून माझा भर या खुणांवर असतो.

सर्वांत पक्की खूण म्हणजे त्याच वेळेच्या नव्या मालिकेची जाहिरात, तारखेसकट. नुसती "लवकरच" अशी जाहिरात काही सांगत नाही, तारीख आली की विषय मिटला. पाडवा, गणपती आणि दिवाळीच्या आसपास नव्या मालिका आणायचा वाहिन्यांचा कल असतो, त्यामुळे अमावास्येला शेवट आणि पाडव्यानंतरच्या सोमवारी नवी मालिका ही जोडी फार सोयीची आहे.

दुसरी खूण लढाईची. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये मजकूर जेमतेम २२ मिनिटांचा. त्यातून शीर्षक, मागच्या भागाची उजळणी आणि पुढच्याची झलक वजा करा. दरबाराचे प्रसंग एकाच सेटवर सलग उरकता येतात. लढाईला घोडे, साहसदृश्यांची माणसं, धूर, संगणकावरचं काम असं सगळं लागतं, दिवस मोडतात आणि हातात पाच मिनिटं येतात. म्हणून खर्च आवरायचा असला की लढाया खलबतखान्यात हलतात आणि हेर धावत येऊन हकीकत सांगतो. फोंड्याचा वेढा हेराच्या तोंडून ऐकावा लागला, तर पुढं राजारामांची जिंजी वगैरे विसरा. तेवढा पैसा त्यांच्यापाशी उरलेला नाही.

गोव्याच्या प्रेक्षकांसाठी गोव्याचा भाग ताणतील, ही आशा मात्र धरू नका. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्कच्या मोजणीत महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच बाजार धरला जातो. आकडे गुरुवारी येतात. आपला वाटा त्यात वेगळा दिसतच नाही.

खाजनकाठ, जुवे

जुव्याचा प्रसंग येण्याआधी लिहितो, म्हणजे पाहताना उपयोग होईल.

जुवे म्हणजे सांत इस्तेव्ह, मांडवीतलं बेट. समुद्र इथून लांब आहे. पडद्यावर उसळत्या लाटा दिसल्या तर त्या खोट्या. खाडीचं पाणी सपाट चढतं आणि तेच जास्त घातक असतं. भरती-सुकतीचं (सुकती म्हणजे ओहोटी) चक्र साधारण १२ तास २५ मिनिटांचं, म्हणून रोज वेळ पाऊण-एक तास पुढं सरकते. मराठ्यांनी सुकती साधून रात्री खाडी ओलांडली आणि किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर स्वतः चालून आला, मार खाऊन जखमी झाला आणि कसाबसा निसटला.

बेटाभोवतीची शेती खाजनाची. खारं पाणी अडवायला मातीचा बांध आणि पाणी खेळवायला मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरतीच्या दाबानं दारं आपोआप मिटतात, सुकतीला उघडतात. बांध फोडला की भरतीचं पाणी शेतात शिरतं, आणि खालचा चिखल इतका मऊ, की घोड्याचे पाय रुततात. माणूस ओंडक्याला धरून तरेल, जीन कसलेला घोडा तरणं कठीण. महाराजांचा घोडा पाण्यात ओढला गेला आणि खंडो बल्लाळांनी त्यांना वाचवलं, ही परंपरेनं चालत आलेली हकीकत या जमिनीवर अगदी पटते. लेखकाला हे कळलं असेल, तर प्रसंगात आधी बांध दिसेल, मग चिखल आणि शेवटी घोडा. नुसता घोडा आणि लाट दिसली, तर जागा न बघताच लिहिलं.

वाळपईकर

खाजनकाठ यांनी खंडो बल्लाळांचं नाव घेतलं, माझा सगळा अंदाज त्या एका माणसावर उभा आहे.

ऐतिहासिक मालिकेचा शेवट ओळखायचा तर पात्रांची पेरणी बघा. खंडो बल्लाळांचे वडील बाळाजी आवजी यांना महाराजांनी १६८१ मध्ये देहान्त शासन दिलं. तरी मुलगा चाकरीत राहिला, जुव्याला त्यानं धन्याचा जीव वाचवला, आणि पुढं राजाराम महाराजांना जिंजीतून सोडवताना स्वतःचं वतन शिर्क्यांना देऊन टाकलं. ही तीन टोकं जोडली तरच त्या माणसाची गोष्ट पुरी होते. बाळाजींचा प्रसंग मालिकेनं सविस्तर दाखवला होता. जुव्याला खंडो बल्लाळांना पुरा एक भाग मिळाला, तर लेखकाच्या मनात जिंजी आहे. गर्दीतल्या कुणा सरदारानं महाराजांना बाहेर काढलं, तर शेवट तुळापूरला.

हीच कसोटी संताजी-धनाजींना लावा. म्हाळोजी घोरपडे संगमेश्वरला पडले. त्यांच्यासोबत त्यांचा मुलगा संताजी आतापासून दोन वाक्यं तरी बोलताना दिसला पाहिजे. सूडाचा भार ज्याच्या खांद्यावर द्यायचा, तो माणूस शेवटच्या आठवड्यात अचानक आणता येत नाही.

वयंही तपासा. राजाराम महाराजांचा जन्म १६७० चा, म्हणजे १६८९ मध्ये ते १९ वर्षांचे. ताराबाई १४ च्या आसपास. शाहू मे १६८२ चे, म्हणजे पुरते सात वर्षांचेही नाहीत. राजारामांच्या भूमिकेत नाव असलेला नट घेतला, तर त्याला महिनाभरासाठी घेत नाहीत. नवखा मुलगा घेतला, तर मंचकारोहणाचा एक प्रसंग आणि निरोप.

जुनें गोंय

किल्ल्यांवर सगळेच लिहितील, मी चर्चवर लिहितो.

मराठे दाराशी आले तेव्हा व्हाइसरॉयनं जुन्या गोव्याच्या बों जेजू चर्चमध्ये सेंट झेवियरची शवपेटी उघडवून आपला अधिकारदंड तिथं ठेवला आणि राज्य संताच्या हवाली केलं. हा प्रसंग घेणार असतील तर तीन गोष्टी बघा. आज दिसतो तो संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनं पाठवलेला, तो इथं बसला १६९८ मध्ये. १६८३ मध्ये तो दिसता कामा नये. चांदीची पेटी चालेल, ती १६३७ पर्यंत तयार झाली होती. आणि बाहेरून चर्च लाल चिऱ्याचं दाखवू नये. वरचा चुन्याचा गिलावा काढला १९५० च्या दशकात, तोवर ते पांढरं होतं. राजधानीही इथंच. व्हाइसरॉयचं बिऱ्हाड पणजीला गेलं १७५९ मध्ये, तेव्हा "पणजीचा दरबार" कानावर आला तर समजून जा.

याचा शेवटाशी संबंध आहे. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा माणूस तेव्हा गोव्यात होता आणि वाटाघाटीत वकील म्हणून वावरला. फोंड्यात मोठा खजिना आहे अशी हूल महाराजांनी हेरांकरवी उठवली आणि व्हाइसरॉय तिला भुलला, असं तो लिहितो. पांडुरंग पिसुर्लेकरांनी तर पोर्तुगीज दप्तर उघडून ही सगळी मोहीम अभ्यासकांपुढं मांडली आहे. मालिकेनं हे वाचलं असेल, तर शेवटही कागदाला धरून येईल. नसेल वाचलं, तर भाकडकथा ऐकायची तयारी ठेवा, विशेषतः फितुरीच्या बाबतीत.

फोंड्याची वाचक

फोंड्याच्या वेढ्यात येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी यांच्याकडं लक्ष असू द्या. कृष्णाजीच्या मरणाला किती वेळ देतात, त्यावरून महाराजांचं मरण कसं दाखवतील हे कळेल. रक्त, आक्रोश आणि संथ गतीची दृश्यं इथंच खर्च केली, तर पुढं वाढवायला जागा राहत नाही.

तुळापूरचे हाल जसेच्या तसे दाखवणं शक्यही नाही. वाहिन्यांच्या स्वनियमनात प्रौढांसाठीचा मजकूर रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेतच चालतो, आणि ही मालिका लहान मुलं जेवताना बघतात. म्हणजे उरतात तीन वाटा. एक, बहादूरगडची धिंड दाखवायची आणि पुढचं बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर सोडायचं. दोन, कवी कलशांच्या शब्दांतून. तीन, औरंगजेबाच्या छावणीतून, म्हणजे रोजची बातमी त्याच्या कानावर जाते आणि रोज त्याचा डाव थोडा फसतो. तिसरी वाट मला सर्वांत ताकदीची वाटते, कारण तिच्यात महाराज पडद्यावर नसतानाही जिंकतात.

एक विनंती. गोव्यातून माघार झाली ती केवळ औरंगजेबाचा मुलगा शाहआलम रामघाटानं उतरला म्हणून, एवढंच दाखवून सोडू नये. परतताना त्याच्या फौजेची उपासमार आणि साथीनं जी वाताहत झाली तीही यायला हवी. ती गाळली तर गोव्याची मोहीम अर्धवट पराभवासारखी दिसते, आणि पुढच्या शेवटावर उगीच हताशपणाची छाया पडते.

तिथीवाली, म्हापसा

१७०७ पर्यंत नेणार असं म्हणणाऱ्यांसाठी: औरंगजेब अहमदनगरजवळ मेला तेव्हा महाराजांना जाऊन १८ वर्षं झाली होती. एवढी उडी शेवटच्या भागात निवेदनानं घेता येईल, कथानकानं नाही.

डिचोलीची

कुणीच येसूबाईंवर पुरेसं लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

१२ फेब्रुवारी १६८९ ला, महाराज कैदेत असताना, रायगडावर राजाराम महाराजांचं मंचकारोहण झालं. पोटचा शाहू समोर असताना दिराला पुढं करायचं हा निर्णय येसूबाईंचा. ५ एप्रिलला राजाराम गडाबाहेर पडले. ३ नोव्हेंबरला रायगड गेला आणि येसूबाई-शाहू मोगलांच्या कैदेत. त्या परत आल्या १७१९ मध्ये.

मालिकेत बघा, कारभाराची मोहोर येसूबाईंच्या हाती दिली तो प्रसंग किती वेळा आठवणीत परत येतो. "श्री सखी राज्ञी जयति" हे शब्द नुसते शोभेला असते तर एकदाच आले असते. मोहोरेचा जवळून घेतलेला शॉट गोव्याच्या मोहिमेतही, महाराज दूर असताना, दाखवला तर माझा अंदाज पक्का: अमावास्येचा भाग शेवटचा नसणार. त्यानंतर सहा ते बारा भाग रायगडाचे येतील, आणि मालिका संपेल ती राजाराम गड उतरून गेल्यावर, दरवाजे बंद करायचा हुकूम येसूबाई देतात तिथं. ३ नोव्हेंबरपर्यंत नेणार नाहीत. वेढ्याचे सात महिने दाखवायला पुन्हा फौजा लागतील आणि पडद्यामागची म्हणतात तसं तेवढा पैसा उरलेला नसेल.

रायगडाचा सेट मोडल्याचं कळलं तर इथं लगेच लिहा. तो अमावास्येआधी मोडला, तर माझा अंदाज खोटा ठरला.