रागावलेल्या मुलाकडून क्षमा वदवून घ्यावी का?

प्रश्न (दोन मुलांची आई):
सर्वांना सप्रेम सलाम. माझा मुलगा ७ वर्षांचा असून मुलगी नुकतीच ४ वर्षांची झाली आहे. मागील आठवड्यात तिने त्याची चित्रकलेची वही फाडली. घरच्या शिरस्त्याप्रमाणे मी त्याला लगेच म्हटले, ‘प्रभूने आपल्याला क्षमा केली, तूही तिला कर.’ तो ‘केली’ म्हणाला आणि तासाभराने त्याने तिला जोरात चिमटा काढला. चिमट्यापेक्षा मला त्या रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेची अधिक काळजी वाटते, कारण तेथे त्याने ‘मला कोणाचाही राग नाही’ असे पाठांतर म्हणावे तसे म्हटले. क्षमा शिकवण्याच्या नादात आम्ही त्याला देवासमोर खोटे बोलायला तर शिकवत नाही ना?

उत्तर १ (संडे स्कूल शिक्षिका):
ताई, तुमची शंका रास्त आहे. राग येणे आणि रागाच्या भरात हात उगारणे यांत आपण मुलांसमोर फरकच ठेवत नाही. बायबलमधील इफिसकरांस पत्रात (४:२६) प्रेषित पौल मात्र राग येणार हे गृहीत धरून, त्यापायी पाप करू नका आणि तो सूर्यास्तापलीकडे नेऊ नका, असे सांगतो. वाळलेल्या हाताच्या माणसाला बरे करण्यापूर्वी खुद्द येशूने सभास्थानातील लोकांकडे रागाने पाहिले आणि त्यांच्या मनाच्या कठोरपणामुळे तो खिन्नही झाला, असे मार्क (३:५) लिहितो. मी वर्गात १३ वे स्तोत्र मुद्दाम वाचून घेते. त्याच्या पहिल्या दोनच वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चारदा येतो, आणि देवाला असे विचारता येते याचे मुलांना फार नवल वाटते. (मुलांनी पाठ करायची सुवर्णवचने म्हणून आपण बहुधा आनंदाचीच वचने निवडतो, हा दोष आपला आहे.) मुलाला राग आला आहे, वाईट वाटते आहे की अन्याय झाल्यासारखे वाटते आहे, हे आधी विचारावे. भावनेला नाव सापडले की ती आवरणे त्याला थोडे सोपे जाते.

उत्तर २ (एक वडील):
शिक्षिकाबाईंशी मी सहमत आहे, परंतु चिमटा तेथल्या तेथे थांबवलाच पाहिजे, भावनेचे नाव नंतर शोधता येईल. शिवाय या चर्चेत धाकटी राहूनच गेली. दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळे काही चाललेले असते, हे मुलांना साधारण याच वयात उमगू लागते, त्यामुळे तिच्याकडून नुसते ‘सॉरी’ म्हणवून घेण्यात फारसा अर्थ नाही. बायबलमधील जकातदार जक्कयाने कोणाचे अन्यायाने घेतले असल्यास चौपट परत करण्याची तयारी दाखवली होती; तिला चौपट जमणार नाही, पण भावाशेजारी बसून पाने चिकटवू लागणे जमेल.

उत्तर ३ (निवृत्त पाळक):
आपल्या घरात आई-बाप मुलांची क्षमा कधी मागतात का, एवढेच मी विचारतो.

प्रश्नकर्ती:
पाळकसाहेब, आम्ही आजवर मागितली नव्हती. घाई केल्याबद्दल काल मी मुलाची क्षमा मागितली, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. रात्री प्रार्थनेत त्याने ‘प्रभू, मला अजून थोडा राग आहे’ असे म्हटले. सासूबाईंना ते मुळीच रुचले नाही. वहीची तीन पाने चिकटवून झाली आहेत.