लहान स्टुडिओसाठी कन्सोल: जुना ॲनॉलॉग की डिजिटल?

सातारकर
नमस्कार मंडळी. घरामागच्या दोन खोल्यांत स्टुडिओ उभा करतोय. काम मुख्यतः भजनी मंडळांचं. पखवाज, पेटी, टाळकरी, मुख्य गायक आणि मागे धरणारे, सगळे एकत्र बसून गातात. पुण्यात एक जण २४ चॅनलचा जुना ॲनॉलॉग मिक्सर विकतोय. थोडे पैसे वर घातले तर वापरलेला बेहरिंगर एक्स३२ हा डिजिटल मिक्सर येतो. मिक्सिंग कॉम्प्युटरवरच करणार. मित्र म्हणतात ॲनॉलॉगचा आवाज वॉर्म असतो. काय घेऊ?

ढोलकीप्रेमी
ॲनॉलॉग घे डोळे झाकून. डिजिटल कोरडं वाटतं.

जुना रेकॉर्डिस्ट
डोळे झाकून चपलासुद्धा घेऊ नयेत. सातारकर, आधी त्या मिक्सरची मागची बाजू बघून या. प्रत्येक चॅनलला डायरेक्ट आउट, म्हणजे त्याचा आवाज वेगळा बाहेर काढायची जागा, आहे का? नसेल तर चॅनल २४ असोत की ४८, कॉम्प्युटरमध्ये फक्त डावं-उजवं जाणार. पखवाज वर राहिला तर तो कायमचा वर. आणि डायरेक्ट आउट असले तरी ते सगळे कॉम्प्युटरमध्ये घेणारा इंटरफेस वेगळा आणावा लागेल. हा खर्च कुणी धरतच नाही. नुसतं यूएसबी बघूनही भुलू नका, बरेच मिक्सर त्यावरून दोनच ट्रॅक देतात. साउंडक्राफ्ट सिग्नेचर एमटीकेसारखे सगळे चॅनल वेगळे पाठवणारे थोडे. फायरवायरवाला तर फुकट मिळाला तरी नको, आजच्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नसतं.

आता वॉर्मबद्दल. ही ख्याती नीव्हसारख्या कन्सोलची. १९७० च्या १०७३ मॉड्यूलमध्ये इनपुटला आणि आउटपुटला, दोन्हीकडे ट्रान्सफॉर्मर आहे. तो रंग बराचसा तिथला. आपल्या बजेटातल्या मिक्सरमध्ये सहसा साध्या आयसी, म्हणजे चिप असतात. तिथे कुणाला वॉर्म ऐकू आलं तर मी आधी वाळलेले कपॅसिटर तपासतो.

ॲनॉलॉगवर माझा राग नाही, उमेदीचा काळ त्यावरच गेला. सेशन संपलं की असिस्टंट एकेका नॉबची जागा कागदावर उतरवायचा. एसएसएल कन्सोलचं टोटल रिकॉलसुद्धा स्क्रीनवर जुनी जागा दाखवायचं, फिरवायचं आपल्यालाच. मिक्सिंग कॉम्प्युटरवर करणार म्हणजे तुमची त्यातून सुटका आहे. पण तेच मंडळ महिन्याने परत आलं तर एक्स३२ मध्ये सीन, म्हणजे साठवलेली सगळी सेटिंग्ज, माइकच्या गेनसकट उघडतो.

तुमच्या कामात खरा प्रश्न हेडफोनचा. बुवांना कानात रिव्हर्ब हवा, पखवाजवाल्याला पेटी हवी, टाळकऱ्यांना काहीच नको. एक्स३२ मध्ये १६ मिक्स बस आहेत, म्हणजे ज्याला त्याला वेगळं मिश्रण देता येतं. कानात रिव्हर्ब द्या, रेकॉर्ड कोरडंच होतं. आवाज कन्सोलच्या आतूनच फिरतो, त्यामुळे उशीर एखाद्या मिलिसेकंदाचा. हेच मॉनिटरिंग कॉम्प्युटरमधून केलं तर ४८ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पलचा बफर (कॉम्प्युटर आवाज साठवून मग पुढे सोडतो तो तुकडा) म्हणजे एका बाजूचेच पाच मिलिसेकंद, जाऊन-येऊन त्याच्या दुप्पट. पखवाजवाला लगेच मान हलवतो.

दोन उणिवा मात्र माहीत असू द्या. एक्स३२ ४८ किलोहर्ट्झच्या वर जात नाही (भजनाला पुरे). आणि मुख्य बोर्ड गेला तर अख्खा कन्सोल बंद. ॲनॉलॉगमध्ये एक चॅनल मेला तर माइक शेजारच्यात लावून काम चालू राहतं. चांगला यूपीएस लावा. टाळ जवळ असले तर गेन आवरता ठेवा, शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास. ॲनॉलॉग जरा लाड करतं, डिजिटल शून्याला थेट फाटतं.

सातारकर
काका, विचारलं. डायरेक्ट आउट नाहीत, फक्त इन्सर्ट (चॅनलच्या मध्ये बाहेरचं यंत्र जोडायची जागा) आहेत. आणि मला खरंच ३२ इनपुट लागतील का?

जुना रेकॉर्डिस्ट
बऱ्याच मिक्सरमध्ये इन्सर्टात मोनो जॅक पहिल्या टकपर्यंतच खोचला की सिग्नल बाहेर घेता येतो. पण जरा धक्का लागला की गेला, पैसे घेऊन केलेल्या सेशनला तो भरवसा नाही. पखवाजाला दोन, पेटीला दोन, टाळांना वरून दोन, बुवा एक, मागच्यांना तीन-चार. १६ पुरतात. एक्स३२ रॅक मिळतो का बघा, त्यात १६ माइक प्रीॲम्प आहेत, मिक्स बसही १६च, फक्त फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) नाहीत, टॅब्लेटवर चालवा.

पेटीवाला
वापरलेला घेताना लॅपटॉप आणि एक माइक सोबत न्या. एकेका इनपुटात लावून यूएसबीवरून रेकॉर्ड करून ऐका. फेडरवाला असेल तर दोन सीन आलटून पालटून बोलवा, अडकलेली मोटर लगेच दिसते.

सातारकर
रविवारी जातोय. पुण्यातला मिक्सर नको म्हणून कळवलं.