केंटकीतलं जुनं घराणं: १८१० च्या मागे कसं जायचं?

पाळंमुळं

नमस्कार मंडळी. सूनबाईंच्या आईकडच्या घराण्याची वंशावळ लावायला घेतली आहे. घराणं अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या बाथ काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी). मूळ पुरुषाचं नाव-आडनाव फारच सर्रास आढळणारं आहे, त्याच भागात त्याच नावाचे तिघं दिसतात. हाताशी पक्कं आहे ते एवढंच: १८१० साली शेजारच्या मॉन्टगोमरी काउंटीत लग्नाचा बाँड (जामिनाचा कागद), १८२० पासून बाथमध्ये वास्तव्य, आणि १८५० च्या जनगणनेत 'वय ६२, जन्म व्हर्जिनिया'.

अडचण त्याच्या वडिलांची. इंटरनेटवरच्या वंशवृक्षांत त्याला तीन वेगवेगळे बाप दिलेत. एक व्हर्जिनियातल्या ऑगस्टा काउंटीचा, एक पेनसिल्व्हेनियाचा, एक नॉर्थ कॅरोलायनातल्या रोवन काउंटीचा. प्रत्येक ठिकाणी आधार म्हणून दुसरा वंशवृक्षच जोडलेला. केंटकीची १७९० आणि १८०० ची जनगणना शोधली तर काहीच हाती लागत नाही. कुठले कागद, कोणत्या क्रमाने बघावेत? आणि डीएनए चाचणीने हा प्रश्न सुटतो का?

चतुःसीमा

१७९० आणि १८०० ची केंटकीची जनगणना सापडणार नाही, कारण ती नष्ट झाली आहे. त्या वर्षांच्या नावाने ज्या छापील याद्या फिरतात त्या करयाद्यांवरून नंतर जुळवलेल्या आहेत. व्हर्जिनियाच्या १७९० च्या मूळ याद्याही गेल्या. त्यामुळे 'त्या यादीत नाव नाही, म्हणजे तो तिथे नव्हता' असा निष्कर्ष काढू नका.

माणसाच्या आधी काउंटीची वंशावळ मांडा. बाथ काउंटी १८११ ची. ती मॉन्टगोमरीतून निघाली, मॉन्टगोमरी क्लार्कमधून, क्लार्क ही बर्बन आणि फेयेट या दोन काउंट्यांतून. फेयेट १७८० मध्ये मूळच्या केंटकी काउंटीचे तीन तुकडे झाले त्यातला एक, आणि बर्बन पुढे फेयेटमधून निघाली. त्याही मागे १७७६ पर्यंत सगळा मुलूख व्हर्जिनियाच्या फिनकॅसल काउंटीत होता. नवीन काउंटी झाली तरी जुनी दप्तरं जुन्याच काउंटीत राहतात. म्हणजे कुटुंब एकाच ओढ्याकाठी हललं नाही तरी त्याचे कागद चार कोर्टघरांत विखुरलेले असू शकतात.

आता 'जन्म व्हर्जिनिया' हे शब्द नीट बघा. वय ६२ म्हणजे जन्म १७८८ च्या आसपास. केंटकी राज्य झालं १ जून १७९२ ला, तोवर तो सगळा भाग व्हर्जिनियाच होता. म्हणजे तुमचा माणूस आज ज्याला बाथ काउंटी म्हणतात तिथेच जन्मला असला तरी जनगणनेत व्हर्जिनिया लिहिणं बरोबर ठरतं. या दोन शब्दांच्या जोरावर ऑगस्टा काउंटीचा बाप चिकटवणं ही नेहमीची चूक आहे.

पुढचं काम करयाद्यांचं, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं. केंटकीत बहुतेक काउंट्यांच्या वार्षिक करयाद्या १७९२ पासून किंवा काउंटी झाल्यापासून मिळतात. एक प्रत राज्याकडे जात असे, म्हणून कोर्टघर जळालं तरी याद्या वाचल्या. अमेरिकेच्या यादवी युद्धात, डिसेंबर १८६४ च्या सुमारास, दक्षिणेकडच्या जनरल ल्यॉनच्या फौजेने पश्चिम केंटकीतली कोर्टघरं एकामागून एक जाळली. तिथल्या घराण्यांचा शोध आज बराचसा या याद्यांवरच चालतो. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर खातं मोफत आहे आणि याद्यांच्या पानांचे फोटो तिथे आहेत.

एकच वर्ष बघून थांबू नका. १७९३ ते १८१५ ओळीने वाचा आणि प्रत्येक ओळ तक्त्यात उतरवा: २१ वर्षांवरचे गोरे पुरुष, १६ ते २१ मधले, गुलाम, घोडे, एकर, जमिनीची प्रत (पहिली, दुसरी, तिसरी), कुठल्या ओढ्यावर, आणि मूळ नोंद, मोजणी, पट्टा कोणाकोणाच्या नावे झाला. हे शेवटचे तीन रकाने लोक सोडून देतात, आणि खरी ओळख तिथेच पटते. एकाच नावाचे तिघं असतील तर त्यांना वेगळं करायला ओढा आणि मूळ पट्टेदार पुरतात. स्लेट क्रीकवर १०० एकरवाला आणि लिकिंग नदीवर २५० एकरवाला हे एक नव्हेत.

तुमच्या माणसाला २१ वर्षं १८०९ च्या सुमारास पूर्ण झाली. १८०४ ते १८०९ या काळात त्याच आडनावाच्या कुठल्या घरात '१६ ते २१' रकान्यात आकडा आहे, आणि तो नेमका कधी एकने कमी होऊन खाली नवं नाव येतं, ते शोधा. हा पुरावा थेट नाही, पण तिघांपैकी दोन उमेदवार इथेच गळण्याची शक्यता मोठी आहे. व्हर्जिनियाच्या याद्याही तुलनेला लागतील. तिथे १८०८ मध्ये कर गोळाच केला नव्हता, त्या वर्षी नाव नाही म्हणून माणूस गाव सोडून गेला असं समजू नका.

साखळी आणि खुंटी

चतुःसीमा यांनी करयाद्यांचं सांगितलंच, मी जमिनीचं सांगतो.

केंटकीत जमीन चार टप्प्यांत मिळायची: वॉरंट म्हणजे अमुक एकर घेण्याचा हक्क देणारा कागद, एन्ट्री म्हणजे जागेची नोंद, मोजणी, आणि शेवटी पट्टा. १७७९ च्या व्हर्जिनियाच्या कायद्याने १ जानेवारी १७७८ च्या आधी वसलेल्याला ४०० एकर आणि लगतच्या १००० एकरांवर पहिला हक्क दिला. ही कागदपत्रं केंटकीच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या लँड ऑफिसच्या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवली आहेत, मोफत.

दोन गोष्टी जपा. वॉरंट विकता येत असे. पाठीमागे 'अमक्याला हस्तांतरित' अशी सही असते, म्हणून कागदाच्या दोन्ही बाजू बघा. वॉरंट आहे म्हणजे तो माणूस तिथे राहत होता असं नाही, पुष्कळांनी केंटकी डोळ्यांनी पाहिलंही नाही. आणि एन्ट्री, मोजणी, पट्टा यांत कित्येक वर्षांचं अंतर असतं, पट्ट्याची तारीख ही वसल्याची तारीख नव्हे.

मोजणीच्या कागदावर नकाशाखाली साखळी धरणाऱ्या दोघांची आणि झाडांवर खुणा करणाऱ्याची नावं असतात. ती आवर्जून उतरवा. हे बहुतेकदा मालकाचे मुलगे, मेहुणे, जावई नाहीतर शेजारी असायचे. मृत्युपत्रात न आलेलं नातं इथे डोकावतं.

हद्दी झाडांवरून सांगितलेल्या असतात: 'उत्तरेकडून पूर्वेला ४५ अंश, १२० पोल, पांढऱ्या ओकपर्यंत'. पोल म्हणजे साडेसोळा फूट, ३२० पोलांचा मैल, १६० चौरस पोलांचा एकर. आपली ३३ फुटी साखळी म्हणजे बरोबर दोन पोल, त्यामुळे चार चौरस पोल म्हणजे एक गुंठा. सातबारा वाचणाऱ्याला हा हिशेब अवघड जाऊ नये. आलेख कागदावर १ सेंटिमीटरला २० पोल धरून आकृती काढा, म्हणजे वरची बाजू ६ सेंटिमीटरची. आकृती जुळून बंद झाली नाही तर बहुतेक वेळा नक्कल करणाऱ्या कारकुनाने एक बाजू गाळलेली असते किंवा उत्तर-दक्षिण उलटं वाचलेलं असतं. आकृती बंद होते पण ओढ्याशी जुळत नाही, असं झालं तर सगळी आकृती दोन-चार अंश फिरवून बघा, कारण कोन होकायंत्राचे आहेत आणि चुंबकीय उत्तर तेव्हापासून सरकली आहे.

आजूबाजूचे पट्टे असेच काढून एकमेकांना लावलेत की शेजार उभा राहतो. हे कुटुंबकबिले एकेकटे आले नाहीत. पेनसिल्व्हेनियातून व्हर्जिनियातल्या शेनँडोआच्या खोऱ्यात, तिथून कोणी नॉर्थ कॅरोलायनातल्या याडकिन नदीकाठी, कोणी कंबरलँड खिंडीतून केंटकीत, असे सात-आठ घरांचे जथे पिढी-दीड पिढी बरोबर सरकले. केंटकीत वस्ती करणाऱ्या पहिल्या प्रसिद्ध लोकांपैकी डॅनियल बून, त्याचं घराणं त्याच वाटेचं: जन्म १७३४ मध्ये पेनसिल्व्हेनियात, मग याडकिनचं खोरं, १७७५ मध्ये केंटकीतली बून्सबरो ही वस्ती. तुमच्या माणसाचे बाथमधले पाच-सहा शेजारी घ्या आणि ते ऑगस्टात एकत्र होते की रोवनमध्ये, ते शोधा. ज्या काउंटीत त्यातले तीन-चार एकत्र सापडतील, तिथल्या उमेदवाराकडे आधी वळा.

शिवाय या पट्ट्यांच्या हद्दी एकमेकांवर इतक्या चढल्या होत्या की खटले पिढ्यान् पिढ्या चालले. 'हाच तो खुणेचा ओक' हे सांगायला म्हातारे साक्षीदार येत, आणि साक्षीत वय आणि केंटकीत कधी आलो तेही सांगत. हे खटले केंटकीची राजधानी फ्रँकफर्ट इथल्या राज्य अभिलेखागारात आहेत. व्हर्जिनियाकडचे चॅन्सरी खटले (वारसा, वाटणी अशा वादांचे) लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या सूचीत नावाने शोधता येतात, ऑगस्टाचे तर पानासकट.

पाळंमुळं

दोघांचे मनापासून आभार. १८०५ च्या यादीत दोन नावांपुढे 'सीनियर' आणि 'ज्युनियर' आहे. मग ज्युनियर हा मुलगा धरायचा का? आणि सीनियरचं मृत्युपत्र सापडत नाही, तर नातं सिद्ध कशाने करायचं?

दप्तरदार

नाही, धरायचा नाही. त्या काळी सीनियर-ज्युनियर म्हणजे त्या भागातला थोरला आणि धाकटा, एवढंच. काका-पुतणे असू शकतात, काहीच नातं नसूही शकतं. थोरला वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर होतो. तसंच 'इन्फंट' म्हणजे तान्हं मूल नव्हे, २१ च्या आतलं कोणीही. 'ऑर्फन' म्हणजे बाप वारलेला, आई जिवंत असली तरी.

मृत्युपत्र नसलं तर उलट कागद वाढतात. या क्रमाने बघा:

- वारसांनी मिळून केलेलं खरेदीखत. बाप वारल्यावर दहा-पंधरा वर्षांनीही होतं. सगळे मुलगे, मुली आणि त्यांचे नवरे सह्या करतात, आणि बाहेरगावी गेलेल्यांची नवी काउंटीही येते. नात्याचा याहून चांगला कागद नाही. सूचीत मात्र फक्त पहिलं नाव असतं, 'आणि इतर' असं दिसलं की पान उघडायचंच.
- काउंटी कोर्टाच्या ऑर्डर बुकातल्या पालक नेमणुका. १४ वर्षांवरचं मूल स्वतः पालक निवडू शकत असे, त्यातून वयाची कड कळते.
- मालमत्तेच्या लिलावाची यादी. विधवेने चूल-भांडी घेतलेली असतात, बाकी गिऱ्हाईक बहुधा मुलगे, जावई आणि बांधाला बांध असलेले शेजारी.

लग्नाच्या बाँडबद्दल: तो ५० पौंडांचा जामीन होता, लग्न लागल्याचा पुरावा नव्हे. नवऱ्याबरोबर सही करणारा जामीनदार बहुतेकदा मुलीचा बाप किंवा भाऊ. मुलगी २१ च्या आतली असेल तर बापाची संमतीची चिठ्ठी बाँडबरोबर असते, कधी चार बोटांची कपची. छापील पुस्तकात ती येत नाही, म्हणून मूळ पानाचा फोटोच बघा. पाद्र्याने लग्न लागल्याचं कळवलेलं वेगळ्या वहीत मिळतं.

१८२० च्या जनगणनेत एक खोच आहे. '१६ ते १८' मधला मुलगा '१६ ते २६' मध्ये पुन्हा मोजलेला आहे. बेरीज केलीत तर घरात नसलेला एक मुलगा तयार होतो.

अक्षरांची सवय मोडी वाचणाऱ्यांना लवकर होते. शब्दातला जोड 'एस' हा 'एफ-एस' किंवा 'पी' सारखा दिसतो, त्यामुळे 'जेसी' हे नाव सूचीत भलत्याच स्पेलिंगखाली जातं. 'जे-एन-ओ' म्हणजे जॉन, जोनाथन नव्हे.

लिकिंगकाठ

सीनियर १७६५ च्या आधी जन्मला असेल तर अमेरिकेच्या क्रांतियुद्धातल्या (स्वातंत्र्ययुद्धातल्या) सैनिकांच्या पेन्शनची फाइल शोधा. १८३२ च्या कायद्याखाली अर्जदाराला कोर्टात सात ठरावीक प्रश्न विचारत: जन्म कुठे, कधी, वयाची नोंद आहे का, भरतीच्या वेळी राहणं कुठे, युद्धानंतर कुठे कुठे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याच तोंडून मिळतं. फाइलच्या क्रमांकाआधी एस असेल तर सैनिकाचा अर्ज, डब्ल्यू विधवेचा, आर नामंजूर. नामंजूर फाइल वगळू नका, नातं सिद्ध करायला त्यात जास्त कागद जोडलेले असतात. विधवांच्या फाइलींत घरच्या बायबलमधून फाडलेलं जन्म-लग्नाच्या नोंदींचं पानही मिळतं.

डीएनएबद्दल. एवढ्या मागच्या पूर्वजासाठी सर्वसाधारण ऑटोसोमल चाचणी (आई-बाप दोघांकडून आलेल्या डीएनएची) तोकडी पडते. पाचव्या फळीच्या चुलत भावंडांत काहीच न जुळणं नेहमीचं आहे, आणि ७-८ सेंटिमॉर्गनखालच्या (हे डीएनएच्या जुळणाऱ्या तुकड्याच्या लांबीचं माप) तुकड्यांवर विश्वास ठेवू नये. त्यात या वस्त्यांत सोयरीक आसपासच व्हायची, एकच जोडपं दोन बाजूंनी पूर्वज निघतं. तुमच्या प्रश्नाला वाय-डीएनए हवा, जो फक्त बापाकडून मुलाकडे जातो: मूळ पुरुषाच्या मुलाच्या मुलाच्या अशा अखंड पुरुषवंशातला आज हयात असलेला माणूस, आणि तिन्ही उमेदवारांच्या वंशातला एकेक. सूनबाई स्वतः यासाठी चालणार नाहीत. सुरुवातीला ३७ मार्कर (तपासायच्या जागा), जुळले तर १११. जो जुळत नाही तो बाद होतो. जुळला तरी तोच बाप ठरत नाही, सख्खा काका तोच वाय घेऊन फिरतो. तिथे पुन्हा दप्तरदार यांनी सांगितलेलं वारसांचं खरेदीखतच लागतं.

एक विनंती. करयाद्या आणि लिलावाच्या याद्या उतरवताना गुलामांची नावं गाळू नका. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या जनगणनेत जवळपास सगळीकडे फक्त मालकाचं नाव आणि गुलामांचं वय-लिंग-वर्ण आहे, मुक्त झालेली माणसं नावानिशी येतात ती १८७० मध्ये. केंटकीतल्या एस्टिल्स स्टेशनच्या वस्तीसाठी बंदुकीची दारू बनवणारा माँक एस्टिल हा गुलामच होता. अशा माणसांच्या वंशजांना मागे जायला मालकाच्या घरचे हेच कागद उरले आहेत, आणि ते तुमच्या हातात येणार आहेत. नाव, किंमत, कोणाच्या वाट्याला गेलं, एवढं तक्त्यात वेगळ्या रकान्यात ठेवा आणि तक्ता इथे लावा.

पाळंमुळं

रकाना वाढवला. १७९३ ते १८१५ च्या याद्या आधी पुऱ्या करतो, मग स्लेट क्रीकवरचे पट्टे आलेख कागदावर. तक्ता याच धाग्यात लावेन.