गच्चीवर भाजीपाला, बजेट दीड हजार. सल्ला हवा

रानफूल: नमस्कार मंडळी. पुण्यात भाड्याच्या घराला वरची गच्ची मिळाली आहे, 10 बाय 12 फुटांची. दुपारी चारपर्यंत कडक ऊन. घरमालक काकांची एकच अट, स्लॅबला ओल लागता कामा नये. 1500 रुपयांत रोजच्या भाजीला थोडा हातभार लागेल असं काही जमेल का? नर्सरीत विचारलं तर कुंड्या आणि तयार माती यांतच सगळे संपतायत. मृगाच्या आत तयारी करायची आहे.

पडवळप्रेमी: कुंड्या घेऊच नका. रंगकाम चालू असेल तिथे 20 लिटरच्या रिकाम्या बादल्या मिळतात, मासळीवाल्याकडे थर्माकोलची खोकी. तळाला भोकं पाडा आणि विटांवर ठेवा, म्हणजे खालून वारा खेळतो आणि काकाही खूश.

मातीही विकत घेऊन भरू नका. एक घनफूट ओली माती 45-50 किलो भरते, स्लॅबवर उगाच भार. आत्ता रसवंत्या जोरात आहेत, चिपाडं फुकट देतील. दोन दिवस कडक उन्हात वाळवा, नाहीतर मुंग्यांची जत्रा भरेल. अर्ध्यापर्यंत चिपाड, त्यावर पालापाचोळा, वरच्या भागात माती आणि शेणखत. पैसे घालायचेच तर शेणखत आणि निंबोळी पेंडीत घाला.

माईंची_बाग: चिपाडाबद्दल एक सांगते. ते कुजताना मातीतलं नत्र (नायट्रोजन) ओढून घेतं, म्हणून सुरुवातीला रोपं पिवळी पडतात. लोक घाबरून युरिया टाकतात. त्यापेक्षा जीवामृत करा: 20 लिटर पाणी, 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन प्रत्येकी 200 ग्रॅम, मूठभर माती. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळा, तीन दिवसांत तयार. दहापट पाण्यात मिसळून घाला. वास येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा :)

रानफूल: वा, चिपाडाचं डोक्यातच नव्हतं! मग मेथी-कोथिंबिरीने सुरुवात करू?

पडवळप्रेमी: पावसाळ्यात नको, झोडपून सडतात. त्या थंडीत. आत्ता लाल माठ, अंबाडी, मायाळू. मायाळूचं तर बाजारातल्या जुडीतलं जाड देठ खोचलं तरी फुटतं, भजी पक्की. मृगावर दोडका आणि दुधी, चढायला कठड्याला सुतळी. भेंडी लावणार असाल तर ‘परभणी क्रांती’ मागा. केवड्याला (पानं पिवळी पाडणारा रोग) सहसा लवकर बळी पडत नाही आणि सरळ वाण (संकरित नाही) असल्याने पुढचं बी घरचंच धरता येतं. टोमॅटोच्या नादी पावसाळ्यात लागू नका, असं माझं स्पष्ट मत.

माईंची_बाग: टोमॅटोबद्दल सहमत, दुधीबद्दल थोडी नाही. शहरात परागकण नेणारे किडे कमी, म्हणून फळ बोटभर होऊन गळतं. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. मागे इवलासा दुधी असतो ती मादी. नर फूल खुडून, पाकळ्या काढून तिच्या मधोमध हलकेच फिरवा. एवढं रोज करणार असाल तरच दुधी, नाहीतर जागा माठाला द्या.

रानफूल: संध्याकाळी सातला घरी असते, जमेल. आणि मावा (रस शोषणारी बारीक कीड) आला तर?

माईंची_बाग: आधी पाण्याचा जोरदार फवारा, बराचसा त्यानेच जातो. उरला तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन थेंब, ऊन उतरल्यावर. पानांची खालची बाजू विसरू नका, तो तिथेच बसतो.