मदत हवी आहे : इंग्रजी शब्दांची मुळे मुलांना कशी शिकवावीत?

सहावीत शिकणाऱ्या माझ्या मुलीकडून इंग्रजी शब्द नुसते पाठ करून घेण्याऐवजी मी ते त्यांच्या मुळांपासून शिकवू लागले आहे. ‘डेंटिस्ट’मधील लॅटिन मूळ आपल्या ‘दंत’ शब्दाचे सगोत्र आहे आणि ‘मॉन्गूस’ तर मराठीतील ‘मुंगूस’वरूनच इंग्रजीत गेला, हे कळल्यावर तिला झालेला आनंद मला फार मोलाचा वाटतो. ग्रीकमध्ये ‘टेलि’ म्हणजे दूर, एवढे सांगताच टेलिफोन, टेलिस्कोप हे शब्द तिने स्वतः उलगडले. मात्र त्याच ओघात ‘टेलर’चा संबंधही तिने ‘दूर’शी जोडला, वास्तविक तो शब्द ‘कापणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला आहे. असे फसवे साम्य ओळखायला मुलांना कसे शिकवावे, याबद्दल अनुभवी शिक्षक-पालकांनी कृपया मार्गदर्शन करावे.