डेबियन १२ : अ‍ॅडमिन पासवर्डचा बॉक्स क्षणभर दिसतो आणि लगेच गायब

खडूफळा :
नमस्कार मंडळी. शाळेच्या लॅबमधल्या एका जुन्या डेस्कटॉपवर डेबियन ११ (लिनक्स) होतं, ते १२ वर नेत होतो आणि अपग्रेड चालू असतानाच लाईट गेली, त्या मशीनला यूपीएस नाहीये. लाईट आल्यावर चालू केलं तर बूट व्यवस्थित, लॉगिन झालं, नेट चालू. पण आता सिनॅप्टिक (सॉफ्टवेअर बसवायचं) किंवा जीपार्टेड (पार्टिशन करायचं) उघडायला गेलं की पासवर्ड विचारणारा बॉक्स दिसतो न दिसतो तोच बंद, टाइप करायलाच मिळत नाही. परत क्लिक केलं तर मग काहीच होत नाही, बॉक्सपण येत नाही. लॉगआउट करून परत आलो की पुन्हा एकदाच दिसतो आणि जातो. टर्मिनलमध्ये सुडो (रूट म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारं) मात्र त्याच पासवर्डने मस्त चालतं.
रॅम २ जीबीच आहे म्हणून ओपनबॉक्स (हलका विंडो मॅनेजर) लावलंय, खाली टिंट२ पॅनेल, फाईल मॅनेजर पीसीमॅन-एफएमचा क्यूटीवाला (क्यूटी म्हणजे खिडक्या-बटणं काढायची लायब्ररी). एकाने सुचवलं की पोलकिटमध्ये (अ‍ॅडमिनची परवानगी सांभाळणारी यंत्रणा) एक रूल टाका आणि सगळ्यालाच पासवर्डशिवाय परवानगी देऊन टाका, विषय संपला. पण याच मशीनवर मुलांचं पण अकाउंट आहे, त्यामुळे मन होत नाहीये. काय करावं?

निळी_शाई :
सर, तो रूल अजिबात टाकू नका. तसं केलं तर त्या अकाउंटमध्ये चालणारा कुठलाही प्रोग्रॅम, ब्राउझरमधून उतरवलेली एखादी फालतू फाईलसुद्धा, न विचारता रूट होऊ शकते. मुलांच्या मशीनवर तर नकोच नको.
आता मूळ मुद्दा. सुडो चालतंय यावरून फार काही कळत नाही कारण सुडोचा पोलकिटशी संबंधच नाही, तो वेगळा रस्ता आहे. पोलकिटमध्ये तीन जणं असतात. पोलकिटडी ही मागे चालणारी सर्व्हिस, ती म्हणजे आत बसलेला साहेब, परवानगी द्यायची की नाही ते ती ठरवते. एजंट म्हणजे बाहेरचा शिपाई, तुमच्या सेशनमध्ये चालतो, बॉक्स दाखवतो आणि पासवर्ड घेतो. आणि तिसरा पोलकिट-एजंट-हेल्पर, तो पॅमकडून, म्हणजे लिनक्सच्या पासवर्ड तपासायच्या यंत्रणेकडून, पासवर्ड तपासून घेतो. तुम्ही जे लिहिलंय, की एकदा बॉक्स येतो आणि नंतर लॉगआउट करेपर्यंत काहीच नाही, त्यावरून मला एजंटच पडतोय असं वाटतं. ओपनबॉक्समध्ये तो ऑटोस्टार्टमधून एकदाच सुरू होतो, मेला की त्याला परत उठवणारं कोणी नसतं.
खात्री करायची तर कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबून काळ्या स्क्रीनवर लॉगिन करा आणि पीकेएक्झेक, स्पेस, आयडी असं टाका (पीकेएक्झेक पोलकिटला विचारून कमांड रूट म्हणून चालवतं; कमांड बोलतो तशा लिहितोय, टाइप इंग्रजीतच करा). तिथे ग्राफिकल एजंट नसतो म्हणून पीकेएक्झेक स्वतःच साध्या अक्षरात पासवर्ड विचारतं. पासवर्ड दिल्यावर यूआयडी शून्य, रूट असं आलं तर साहेब आणि पॅम दोघं ठणठणीत आहेत, दोष फक्त बॉक्सवाल्याचा.

कोकण_पेंग्विन :
वरचं बरोबरच आहे, पण दोन गोष्टी आधीच बघून टाका म्हणजे फाटे फुटणार नाहीत. एक, मराठी कीबोर्ड लावलाय का? कगप किंवा इनस्क्रिप्ट लेआउट चालू राहिला तर पासवर्डच्या चौकटीत देवनागरी अक्षरं जातात आणि वर नुसते ठिपके दिसत असल्याने कळतच नाही, मग चुकीचा पासवर्ड म्हणून बॉक्स बंद होतो. लोक त्यालाच क्रॅश समजतात. तसं असेल तर जर्नलसीटीएलमध्ये (सिस्टमच्या नोंदी दाखवणारी कमांड) पॅम-युनिक्सची ऑथेंटिकेशन फेल्युअर अशी ओळ सापडेल.
दुसरं म्हणजे पीकेएक्झेकचा सेटयूआयडी बिट, म्हणजे कोणीही चालवलं तरी प्रोग्रॅम रूट म्हणून चालावा अशी फाईलवरची खूण. जानेवारी २०२२ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने पीकेएक्झेकमधलं ते मोठं भोक जाहीर केलं, त्याचं नाव पनकिट, २००९ पासून कोडमध्ये पडून होतं. तेव्हा पॅच यायच्या आधी बऱ्याच जणांनी तात्पुरता उपाय म्हणून सीएचमॉडने (फाईलच्या परवानग्या बदलायची कमांड) तो बिट काढून टाकला आणि नंतर परत लावायचा राहिला. एलएस वजा एल करून परवानग्यांमध्ये एस दिसतोय ना ते बघा. नसेल तर पीकेएक्झेक स्वतःच सांगतं की मला सेटयूआयडी रूट असावं लागतं.

खडूफळा :
दोघांचे आभार. कीबोर्ड इंग्रजीच आहे आणि मुळात टाइप करायच्या आधीच बॉक्स जातो, जर्नलमध्ये फेल्युअरची ओळ नाही. एस दिसतोय. काळ्या स्क्रीनवर पीकेएक्झेक आयडी केलं, पासवर्ड विचारला, यूआयडी शून्य आलं. म्हणजे एजंटच ना? मग दुसरा एजंट टाकून बघू का?

निळी_शाई :
दुसरा टाकला तर चालेल बहुतेक, एलएक्सक्यूटी-पॉलिसीकिट क्यूटीवर आहे, तो उघडेलही. पण मग हा का पडतोय ते कधीच कळणार नाही आणि मला शंका आहे की बिघाड एजंटच्या बाहेर आहे. आणि टाकलाच तर जुना ऑटोस्टार्टमधून काढा, एका सेशनला एकच एजंट लागतो, दुसऱ्याला आधीच एक एजंट आहे असं सांगून नोंदणी नाकारली जाते.
त्याआधी एवढं करा. लॉगिन केल्यावर चालू असलेला एजंट बंद करा आणि टर्मिनलमधून हाताने सुरू करा, यूएसआर, लिब, मग पॉलिसीकिट-१-ग्नोम या फोल्डरमध्ये पोलकिट-ग्नोम-ऑथेंटिकेशन-एजंट-१ नावाची फाईल आहे. ती खिडकी तशीच ठेवून सिनॅप्टिक उघडा आणि एजंट पडताना टर्मिनलमध्ये शेवटी काय छापतो ते इथे सांगा. आणि अजून एक, फायरफॉक्समध्ये कुठे फाईल अपलोड करायला गेलात तर तोही बंद पडतो का?

खडूफळा :
अहो हो! शाळेच्या पोर्टलवर पीडीएफ चढवायला गेलो की फायरफॉक्स अख्खा बंद होतो, मी ते वेगळंच दुखणं समजत होतो. एजंटच्या टर्मिनलमध्ये आधी जीटीकेची (क्यूटीसारखीच दुसरी लायब्ररी) सूचना आली की आयकॉन थीममधून पिक्सबफ (म्हणजे चित्र) लोड होत नाहीये, पिक्सबफ लोडर किंवा माइम डेटाबेस (फाईल कुठल्या प्रकारची ते ओळखायची यादी) सापडत नसावा. त्याच्या खाली इमेज-मिसिंग नावाच्या फाईलबद्दल अनरेकग्नाइज्ड इमेज फाईल फॉरमॅट, मग बेल आउट, आणि संपलं.

निळी_शाई :
सापडलं सर. जीटीके३ ला एखादा आयकॉन वाचता आला नाही की तो त्याऐवजी "चित्र नाही" वाला आयकॉन दाखवायला जातो, आणि तोसुद्धा वाचता आला नाही तर प्रोग्रॅम तिथेच स्वतःला बंद करून घेतो. तुमच्या मशीनला चित्र म्हणजे काय हेच ओळखता येत नाहीये. पासवर्ड बॉक्सवर कुलपाचं चित्र असतं, फायरफॉक्सच्या फाईल निवडायच्या खिडकीत फोल्डरची चित्रं, दोन्ही जीटीके, म्हणून दोन्ही पडतात. तुमचं पॅनेल आणि फाईल मॅनेजर जीटीकेवर नाहीत म्हणून बाकी सगळं ठीक वाटत होतं.
कारण ती लाईट. माइम डेटाबेस आणि पिक्सबफच्या लोडरची यादी अपग्रेडच्या शेवटीशेवटी ट्रिगरमधून (पॅकेजेस बसल्यावर आपोआप चालणारी कामं) तयार होते, ते काम अर्धवट राहिलं असणार. सुडो चालतंय हे नशीब. सुडो लावून डीपीकेजी, दोन वजा, कॉन्फिगर, वजा ए, हे पूर्ण होऊ द्या, मग एपीटी वजा एफ इन्स्टॉल. तेवढ्याने नाही झालं तर एपीटीने रीइन्स्टॉल लावून शेअर्ड-माइम-इन्फो, लिबजीडीके-पिक्सबफ आणि लिबआरएसव्हीजी२-कॉमन ही तीन पॅकेजेस परत बसवा आणि अपडेट-माइम-डेटाबेस ही कमांड यूएसआर-शेअर-माइम या फोल्डरवर चालवा. मग लॉगआउट, लॉगिन.

खडूफळा :
झालं!! डीपीकेजीने बरीच अर्धवट पॅकेजेस पूर्ण केली, तरी बॉक्स पडतच होता, मग ती तीन पॅकेजेस परत बसवली आणि आता बॉक्स येतो, थांबतो, पासवर्ड घेतो. फायरफॉक्सचं दुखणंपण गेलं. खूप खूप आभार सर.
फक्त एक राहिलंय. हार्डडिस्कचं दुसरं पार्टिशन, त्यात दहावीच्या मुलांचे प्रोजेक्ट आहेत, ते आधी मुलांच्या अकाउंटवर न विचारता उघडायचं, आता अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतंय. मी तेव्हा त्यासाठी पीकेएलए फाईल (पोलकिटची परवानगीची फाईल) बनवली होती, ती जागेवरच आहे.

कोकण_पेंग्विन :
ते क्रॅशचं नाही, व्हर्जनचं आहे. डेबियन ११ मध्ये पोलकिट ०.१०५ होतं, ते पीकेएलए वाचायचं. १२ मध्ये १२२ आहे, ते जावास्क्रिप्टमधल्या रूल्स फाईली वाचतं, जुन्या पीकेएलए वाचायला पोलकिटडी-पीकेएलए हे वेगळं पॅकेज लागतं. ते बसलंय का बघा, नसेल तर बसवा. पण मी असतो तर ईटीसीमधल्या पोलकिट-१ च्या आत रूल्स-डॉट-डी मध्ये छोटी फाईल नव्याने लिहिली असती. अट दोनच गोष्टींची, अ‍ॅक्शन यूडिस्क्स२ (डिस्क-पार्टिशन जोडणारी सर्व्हिस) ची फाईलसिस्टम-माउंट-सिस्टम असावी आणि युजर मुलांच्या ग्रुपमधला असावा, तरच हो. बाकी कशालाही हो म्हणायचं नाही. फाईल सेव्ह केली की पोलकिटडी ती आपोआप वाचतं, रीस्टार्ट लागत नाही. लिहिलीत की इथे टाका, नजर टाकतो.