भाड्याची गाडी आणि आपला डॅशकॅम

एकाने विचारलंय, की मुंबईत वापरतो तोच डॅशकॅम (गाडीच्या काचेवर लावलेला, समोरचा रस्ता टिपणारा कॅमेरा) युरोपात भाड्याच्या गाडीला लावला तर चालेल का. जर्मनी आणि ऑस्ट्रिया एकाच दौऱ्यात असतील तर जरा जपून. ऑस्ट्रियात रस्त्याचं सतत चित्रीकरण डेटा संरक्षणाच्या नियमांत अडकतं, दंड होऊ शकतो. सीमा ओलांडण्याआधी सरळ काढून डिकीत टाका.

जर्मनीचा मामला मजेशीर आहे. माग्डेबुर्गमध्ये डावीकडे वळताना दोन गाड्या एकमेकींना घासल्या, एकाकडे चित्रण होतं. 2018 च्या मे महिन्यात तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं, की असं अखंड चित्रीकरण नियमबाह्यच, तरी भरपाईच्या दाव्यात ते पुरावा म्हणून बघता येईल. म्हणजे चोरी पण मान्य, माल पण मान्य!

आपल्याकडे डॅशकॅमवर बंदी नाही. भानगड पुढे आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे तपासायचा सांकेतिक आकडा). त्यामुळे सायनच्या सिग्नलला कोणी ठोकलं तर क्लिप व्हॉट्सॲपवर फिरवून मोकळे होऊ नका. तिथे ती कॉम्प्रेस होते, म्हणजे मूळ फाइल उरत नाही. आधी कॅमेऱ्यावरचं लॉकचं बटण दाबा, नाहीतर लूपमध्ये (कार्ड भरलं की जुन्यावर नवं चित्रण होतं) तीच फाइल पुसली जाते. मग मूळ मेमरी कार्ड काढून ठेवा, कॅमेऱ्यात दुसरं घाला. आणि कॅमेऱ्यातली तारीख-वेळ बरोबर आहे ना, ते आजच बघा.